पेरणी चुकत नाही, तपासणी राहून जाते

सोयाबीनचे शंभर दाणे घ्यायचे. ओल्या गोणपाटाच्या तुकड्यावर दहा-दहा दाण्यांच्या दहा ओळी मांडायच्या, गुंडाळी करून सावलीत ठेवायची आणि गोणपाट वाळू न देता त्यावर पाण्याचा शिपका मारत राहायचं. सहा-सात दिवसांनी गुंडाळी उलगडून निरोगी कोंब आलेले दाणे मोजायचे. सत्तर किंवा जास्त उगवले तर बियाणं नेहमीच्या मापानं, एकरी साधारण 30 किलो, पेरायला हरकत नाही. त्याहून कमी आले तर माप वाढवायचं. फारच कमी आले तर ते बियाणं पेरायचंच नाही. खर्च काही नाही, मेहनत अर्ध्या तासाचीही नाही.

धाराशिव जिल्ह्याच्या तुळजापूर तालुक्यातल्या जळकोटच्या आसपास, म्हणजे नळदुर्गहून उमरग्याकडे जाणाऱ्या सोलापूर-हैदराबाद महामार्गाच्या दोन्ही अंगांना, खरिपात जिकडे बघावं तिकडे सोयाबीन दिसतं. इथल्या शेतकऱ्याला ही चाचणी माहीत नाही असं अजिबात नाही. दरवर्षी मे महिन्यात कृषी विभाग ती सांगतो, कृषी सहायक करून दाखवतात, मोबाइलवर तिच्या चित्रफिती फिरतात. तिची गरज काय हेही लोकांना अनुभवानं कळलेलं आहे. सोयाबीनच्या दाण्याचं साल पातळ असतं. काढणीच्या वेळी पीक भिजलं किंवा मळणीयंत्रात दाणा जोरानं आपटला की आतला कोंब दुखावतो आणि वरून दाणा धडधाकटच दिसतो. 2019 च्या ऑक्टोबरात परतीच्या पावसानं उभं पीक भिजलं आणि पुढच्या वर्षी, 2020 च्या खरिपात, बियाणं उगवलं नाही म्हणून मराठवाड्यातून हजारो तक्रारी झाल्या. कितीतरी घरांवर दुबार पेरणीची पाळी आली.

तरीही मे महिन्यात ‘करू की, अजून लई दिवस हायत’ हे वाक्य ऐकू येतंच. मग मृग निघतो, ढग भरून येतात आणि पोत्याची शिवण उसवते ती थेट पेरणीच्या दिवशी.

पण त्याच घराकडे पेरणीच्या आठवड्यात बघावं. 75 ते 100 मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीला वाफसा आला की त्या घरात कुणी ‘उद्या बघू’ म्हणत नाही. ट्रॅक्टरवाल्याला आदल्या रात्री फोन होतात, पोरं शाळा बुडवून रानात येतात, म्हातारी माणसंही बांधावर उभी राहतात. अंगात कणकण असली तरी काम थांबत नाही. तेव्हा या माणसाला आळशी म्हणायचं की कष्टाळू? हे दोन्ही शब्द इथं उपयोगाचे नाहीत. माणूस तोच, शेत तेच, पीकही तेच. एक काम तो जिवाच्या आकांतानं करतो आणि दुसरं पुढे ढकलतो. तेव्हा फरक कामाच्या घडणीत शोधायला हवा. चालढकलीवर गेल्या तीस-पस्तीस वर्षांत मानसशास्त्रात आणि अर्थशास्त्रात जे संशोधन झालं, त्याचा मला दिसणारा सगळ्यात मोलाचा भाग हाच आहे.

या संशोधनातला एक महत्त्वाचा लेख भारतातल्या एका अनुभवातून निघाला, हे फारसं कुणाला माहीत नसतं. अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ 1967-68 मध्ये वर्षभर भारतात राहत होते. त्यांचे मित्र जोसेफ स्टिगलिट्झ भेटीला आले आणि जाताना सामान जास्त झालं म्हणून कपड्यांचं एक खोकं मागे ठेवून गेले. ते अमेरिकेला पाठवून द्यायचं, एवढंच काम. पार्सल पाठवायला अख्खा दिवस मोडेल असा अकरलॉफ यांचा अंदाज होता. रोज सकाळी ते ठरवत की उद्या नक्की पाठवायचं. असे आठ महिन्यांहून जास्त दिवस गेले आणि शेवटी दुसऱ्या एका मित्राचं सामान अमेरिकेला निघालं त्यात ते खोकं टाकलं गेलं. पुढे 2001 मध्ये या दोघांनाही अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, म्हणजे माणसं काही साधीसुधी नव्हती. 1991 मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानात अकरलॉफ यांनी या खोक्याचं गणित मांडलं. आज काम करायचं तर त्याचा त्रास आत्ता, डोळ्यांसमोर, ठसठशीत दिसतो. एक दिवस पुढे ढकललं तर होणारं नुकसान नखाएवढं असतं. त्यामुळे ‘आज नको, उद्या’ हा निर्णय त्या-त्या दिवशी अगदी शहाणपणाचा वाटतो. असे दोनशे शहाणे निर्णय एकापुढे एक ठेवले की आठ महिने वाया जातात, आणि चुकीचा असा एकही दिवस बोट ठेवून दाखवता येत नाही.

उगवण चाचणीचंही तसंच आहे. 10 मेला केली काय आणि 11 मेला केली काय, काही बिघडत नाही. 12 मेलाही नाही. बिघडतं ते जूनमध्ये, एकदम. वाफशाची गोष्ट उलट आहे. आजचा वाफसा उद्या राहील याची खात्री नसते. ऊन पडलं तर ओल उडते, पाऊस लागून राहिला तर रानात पाय घालता येत नाही. तिथं एका दिवसाच्या उशिराची किंमत त्याच दिवशी दिसते.

कॅनडातल्या कॅल्गरी विद्यापीठाचे पिअर्स स्टील यांनी 2007 मध्ये तोवरच्या शेकडो अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला आणि या सगळ्याला एक सूत्र दिलं. काम आपल्याला जमेल हा भरवसा आणि त्यातून मिळणाऱ्या फळाचं मोल यांचा गुणाकार करायचा. मग त्याला फळ मिळायला लागणारा वेळ आणि माणसाची उतावीळ वृत्ती यांनी भागायचं. जे उरतं ती त्या क्षणाची प्रेरणा. सूत्र ढोबळ आहे, माणसाचं मन इतकं सरळ भागाकारात बसत नाही. पण त्यातून एक गोष्ट लख्ख दिसते: फळ दूर गेलं की प्रेरणा आटते, मग त्या फळाचं मोल कितीही असो. मुलीच्या शिक्षणाचे पैसे, साठीनंतरचं आरोग्य, पाच वर्षांनी सुधारणारी जमीन ही सगळी मोलाची आणि लांबची फळं आहेत. चहाची टपरी जवळ आहे.

मात्र नुसत्या काळाच्या हिशोबानं सगळं उलगडत नाही. गोणपाटाची गुंडाळी उलगडताना काय दिसेल, याची एक धास्ती असते. शंभरातले पन्नासच उगवले तर? मग बियाण्याची बॅग विकत घ्यायची, त्यासाठी हातउसने मागायचे, नाहीतर दुकानदाराच्या वहीत नाव लिहून यायचं. माहीत नसलेलं बरं, असं मनाला आतून वाटतं. रक्तदाब आणि साखरेच्या तपासणीचं नेमकं हेच होतं. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात बोटाला सुई टोचून दोन मिनिटांत साखर कळते, तरी चाळिशी ओलांडलेली माणसं वर्षानुवर्षं तिकडे फिरकत नाहीत. फुशिया सिरॉइस आणि टिमथी पिचिल या संशोधकांनी 2013 मध्ये मांडलं की चालढकल हा मुळात वेळेच्या नियोजनाचा प्रश्न नसून भावना सांभाळण्याचा प्रश्न आहे. ज्या कामानं भीती, कंटाळा, लाज किंवा गोंधळ वाटतो ते काम बाजूला सारलं की मन त्या घडीला हलकं होतं. हे हलकेपण खरंच मिळतं, म्हणून सवय पक्की होते. वेळापत्रकाच्या सुंदर डायऱ्या जानेवारीत विकत घेतल्या जातात आणि फेब्रुवारीत कोऱ्या राहतात, त्याचं कारण मला यात दिसतं. डायरी वेळ दाखवते, धास्ती कमी करत नाही.

मेंदूत काय घडतं याचेही काही धागे हाती लागले आहेत. जर्मनीतल्या बोखुम इथल्या संशोधकांनी 2018 मध्ये 264 जणांच्या मेंदूंच्या प्रतिमा तपासल्या. ठरवलेलं काम सुरू करणं ज्यांना जड जातं, त्यांच्यात धोक्याची सूचना देणारा अमिग्डला हा बदामाएवढा भाग सरासरीनं मोठा होता आणि कृतीची निवड करणाऱ्या पुढच्या भागाशी असलेली त्याची जोडणी कमकुवत होती. यातून कारण-परिणाम सिद्ध होत नाही. चालढकलीमुळे मेंदू असा झाला की मेंदूमुळे चालढकल, हे एका प्रतिमेतून कळत नाही. पण कामाच्या धास्तीला मेंदूतही जागा आहे, एवढं नक्की म्हणता येतं.

दुसरा धागा डोपामिनचा. मोबाइलवरच्या चित्रफितींनी या रसायनाला ‘आनंदाचं रसायन’ करून टाकलं आहे, पण प्रयोग वेगळं सांगतात. अमेरिकेतल्या कनेक्टिकट विद्यापीठात जॉन सॅलमोनी यांनी उंदरांना दोन पर्याय दिले: साधं खाणं फुकट, आवडीचं खाणं मात्र कळ पुन्हा पुन्हा दाबली तरच. धडधाकट उंदीर कळ दाबत राहिले. ज्यांच्या मेंदूतलं डोपामिनचं काम कमी केलं होतं, त्यांनी कळ सोडली आणि फुकटचं साधं खाणं पत्करलं. त्यांची भूक मेली नव्हती, आवडही बदलली नव्हती. त्या आवडीसाठी कष्ट उपसण्याची तयारी तेवढी गेली होती. ‘मनापासून इच्छा असती तर केलं असतं’ हे वाक्य आपण घरात, शाळेत, कचेरीत किती सहज फेकतो! इच्छा आणि कष्टाची तयारी या शरीरात वेगवेगळ्या वाटांनी चालतात, हे कळल्यावर ते वाक्य बोलवत नाही.

कष्टाची तयारी पार आटून जाते अशी एक अवस्था असते, आणि तिला चालढकल समजणं धोक्याचं आहे. नैराश्यानं ग्रासलेला माणूस उठत नाही, अंघोळ टाळतो, रानाकडे जात नाही, बँकेचा कागद उघडत नाही. घरचे म्हणतात, ‘याला कशातच मन नाही.’ धाराशिव जिल्ह्याला हे दुखणं परकं नाही. शेतकरी आत्महत्यांच्या यादीत या जिल्ह्याचं नाव कित्येक वर्षं येत राहिलं. 2015 मध्ये राज्य सरकारनं मराठवाडा आणि विदर्भातल्या 14 जिल्ह्यांत शेतकऱ्यांसाठी समुपदेशनाचा कार्यक्रम सुरू केला, त्याचं नाव ‘प्रेरणा प्रकल्प’. तेव्हाचा उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव जिल्हा त्यात होता. आशा कार्यकर्त्या घरोघरी जाऊन प्रश्न विचारतात, मन खचलेलं माणूस दिसलं की पुढे डॉक्टरांकडे पाठवतात, आणि 104 या क्रमांकावर फोनवरून सल्ला मिळतो. ‘झोप लागते का, भूक लागते का, कशात मन रमतं का’ असं उंबऱ्यावर बसून विचारणारं माणूस गावातलंच असतं, याचं मोल मला फार वाटतं. ऑक्टोबर 2022 पासून केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ सेवाही 14416 या क्रमांकावर सुरू आहे आणि ती मराठीतून बोलते.

प्रेरणेबद्दलचा आपला सगळ्यात जुना समज मोडणारा पुरावा याच क्षेत्रातून आला, आणि तो आपल्या शेजारी गोव्यात मिळाला. समज असा की आधी मनात उभारी यावी, मग हातून काम व्हावं. ‘मूड आला की करतो.’ गोव्यातल्या ‘संगत’ या संस्थेनं विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांच्या नेतृत्वाखाली दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक चाचणी घेतली. तीव्र नैराश्य असलेल्या 495 जणांना दोन गटांत विभागलं. एका गटाला केंद्रातले नेहमीचे, जरा सुधारलेले उपचार मिळाले. दुसऱ्याला त्याच्या जोडीनं सहा ते आठ भेटी, प्रत्येकी अर्ध्या-पाऊण तासाच्या. भेट घेणारे मानसोपचारतज्ज्ञ नव्हते, प्रशिक्षण दिलेली साधी माणसं होती. आणि भेटीत व्हायचं काय? मन कशानं खचलं याची खोल खणणी फारशी नाही. पूर्वी काय करायचात, त्यातलं अगदी लहान असं काय या आठवड्यात कराल, कोणत्या दिवशी, कुणाबरोबर, हे ठरवायचं, आणि पुढच्या भेटीत त्याची विचारपूस करायची. तीन महिन्यांनी पहिल्या गटातले 39 टक्के लोक नैराश्यातून बाहेर आले होते, दुसऱ्या गटातले 64 टक्के. हा अभ्यास 2017 मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये छापून आला. मनाची उभारी कृतीच्या मागून आली. कोंबड्या पुन्हा पाळल्या, देवळापर्यंत चालत गेलं, शेजारणीशी बोललं, आणि त्या पाठोपाठ बरं वाटू लागलं. जिथं नैराश्यासारख्या आजारात हे घडतं, तिथं धडधाकट माणसानं मूडची वाट बघत बसण्यात अर्थ नाही.

आता पैशाच्या ओढाताणीकडे येऊ. चालढकलीवरची बरीच पुस्तकं शहरातल्या पगारदार माणसाला समोर ठेवून लिहिलेली असतात. तिथं पैसा हा विषयच येत नाही, आणि ग्रामीण वाचकाला ती पुस्तकं परकी वाटतात ती यामुळेच. 2013 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात तमिळनाडूतल्या 464 ऊस उत्पादकांवरचा एक अभ्यास आला. उसाचं बिल वर्षातून एकदा हाती येतं, त्यामुळे तोच शेतकरी तोडणीआधी तंगीत आणि तोडणीनंतर जरा सुस्थितीत असतो. संशोधकांनी त्याच माणसांना दोन्ही वेळी तर्काची आणि लक्ष एकवटण्याची कोडी घातली. तोडणीआधी त्यांची कामगिरी खालावलेली आढळली. या आकडेवारीच्या पद्धतीवर इतर शास्त्रज्ञांनी आक्षेप घेतले आहेत आणि वाद मिटलेला नाही. तरी मूळ विचार धाराशिवच्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही. सोसायटीचा हप्ता, दुकानदाराची बाकी, मुलाची फी डोक्यात घोळत असताना माती परीक्षणाचा नमुना घ्यायचं राहून जातं. डोकं रिकामं नसतं.

यावर सगळ्यात सुरेख तोडगा मला केनियातला वाटतो. एस्थर डुफ्लो, मायकेल क्रेमर आणि जोनाथन रॉबिन्सन यांनी पश्चिम केनियातल्या मका पिकवणाऱ्या शेतकऱ्यांबरोबर काही हंगाम काम केलं. प्रात्यक्षिक पाहिलेल्यांपैकी जवळजवळ सगळ्यांनी सांगितलं की पुढच्या हंगामात खत वापरणार. प्रत्यक्षात साधारण 37 टक्क्यांनी वापरलं. खताचा फायदा माहीत होता, सुगीच्या वेळी पैसाही होता, पण खताची गरज पडेपर्यंत तो पैसा घरात विरघळून जायचा. मग संशोधकांनी एवढंच केलं: सुगी झाल्या झाल्या, हातात पैसा असताना, शेतकऱ्याच्या दारात गेले आणि म्हणाले, आत्ता पैसे भरा, खत घरपोच मोफत आणून देतो. सवलत लहान आणि थोड्या दिवसांची. खताचा वापर चांगलाच वाढला. पुढे हंगामात खत निम्म्या किमतीत देऊन जेवढा फरक पडला असता, जवळजवळ तेवढा फरक या घरपोच सेवेनं पडला. शेतकऱ्याचं मन बदलायला कुणी भाषण केलं नाही. त्याचं मन आधीच तयार होतं, ते तयार असतानाच काम उरकून घेतलं एवढंच. सोयाबीनचे पैसे दिवाळीच्या आगेमागे हाती येतात तेव्हा पुढच्या खरिपाच्या बियाण्याची आणि खताची नोंदणी गावातच करून घेणारी एखादी शेतकरी उत्पादक कंपनी हे सहज करू शकेल.

राजस्थानातल्या उदयपूर जिल्ह्यातला प्रयोगही याच जातीचा. बाळांचं लसीकरण मोफत होतं, तरी आया ‘पुढच्या खेपेला’ म्हणत राहायच्या. जिथं काहीच वेगळं केलं नाही अशा गावांत पूर्ण लसीकरण झालेली मुलं 6 टक्के होती. जिथं ठरल्या दिवशी न चुकता शिबिर भरलं तिथं 18 टक्के. आणि जिथं शिबिराबरोबर दर लशीला एक किलो डाळ आणि शेवटी ताटांचा संच दिला तिथं 39 टक्के. एक किलो डाळीसाठी कुणी बाळाचं आरोग्य ठरवत नाही. डाळ आज मिळते आणि गोवर पुढे कधीतरी टळतो, एवढाच फरक. लांबच्या फळाला जवळचं एक लहान फळ बांधलं.

मुदतीचं काय? मुदत आली की माणूस धावतो, हे खरं. पण मुदत कशी आहे यावर सगळं आहे. डॅन अॅरिअली आणि क्लाउस वर्टनब्रॉख यांनी विद्यार्थ्यांना तीन मजकूर तपासून चुका शोधायचं काम दिलं, तीन आठवड्यांचं. एका गटाला दर आठवड्याला एक मजकूर द्यायचं बंधन घातलं, दुसऱ्यानं आपापल्या तारखा ठरवल्या, तिसऱ्याला फक्त शेवटची तारीख दिली. सगळ्यात जास्त चुका शोधल्या आणि जास्त पैसे मिळवले ते पहिल्या गटानं, सगळ्यात मागे राहिला शेवटच्या तारखेवर सोडलेला गट.

आपल्याकडे पीक विम्याची तारीख हा याचा जिवंत नमुना आहे. 2023 च्या खरिपात 31 जुलैची मुदत 3 ऑगस्टपर्यंत वाढवली, 2024 मध्ये 15 जुलैची 31 जुलै झाली. शेवटच्या दोन-तीन दिवसांत सेवा केंद्रांवर झुंबड उडते, सर्व्हर मंदावतो, लोक सातबारा हातात घेऊन दिवसभर ताटकळतात आणि मुदतवाढीची मागणी सुरू होते. ई-पीक पाहणीच्या तारखांचंही तेच. ज्यांचा अर्ज यंत्रणेच्या दोषामुळे अडतो त्यांच्यासाठी मुदतवाढ हा न्यायच आहे आणि ती मिळायलाच हवी. पण दर वर्षी तारीख सरकते हे एकदा कळलं की पहिल्या तारखेची भीती उरत नाही आणि झुंबड फक्त पुढच्या तारखेला जाते. गावानुसार वार ठरवून दिले, सोमवारी हे गाव आणि मंगळवारी ते, तर एका महिन्याच्या एका मुदतीऐवजी लहान लहान मुदती तयार होतील. उलट नुकसान झाल्यावर 72 तासांत विमा कंपनीला कळवायचं, ही 2024 च्या खरिपापर्यंतची अट शेतकऱ्याला जाचक वाटायची आणि पूर आलेल्या गावात ती खरोखरच जाचक असायची. तरी तीन दिवसांची ती मुदत कुणी ‘उद्या बघू’ म्हणून घालवत नसे.

आपल्या समाजानं चालढकलीवर काढलेले जुने तोडगे याच तत्त्वांवर उभे आहेत. सोलापूरहून तुळजापूर साधारण 45 किलोमीटर. कोजागिरीच्या पौर्णिमेला हजारो माणसं हे अंतर रात्रभर चालून जातात, आणि कर्नाटक-तेलंगणातून पायी येणारे भाविक नळदुर्गच्या वाटेनंही येतात. यातल्या कितीतरी जणांना डॉक्टरांनी रोज अर्धा तास चालायला सांगितलेलं असतं आणि ते चालणं होत नाही. श्रद्धा हे पायी वारीचं बळ आहेच, पण तिची घडणही बघण्यासारखी आहे. दिवस पंचांगात ठरलेला, वाट ठरलेली, सोबती ठरलेले, न गेलं तर विचारणारी माणसं. संध्याकाळच्या चालण्याला यातलं काहीच नसतं. महिला बचत गटाची मासिक बैठक तशीच. बाईनं घरच्या डब्यात शंभर रुपये टाकायचं ठरवलं तर कुणाच्या तरी दुखण्यात ते जातात, पण ठरल्या तारखेला दहा जणींसमोर वही उघडायची असली की पैसे बाजूला निघतात. फिलिपिन्समध्ये नवा अशराफ, डीन कार्लन आणि वेस्ली यिन यांनी बँकेच्या ग्राहकांना असं खातं देऊ केलं ज्यातून ठरवलेली तारीख किंवा रक्कम गाठेपर्यंत पैसे काढता येत नाहीत. जास्तीचं व्याज काही नाही, नुसतं बंधन. विचारलेल्यांपैकी 28 टक्के लोकांनी ते बंधन आपणहून मागून घेतलं. माणूस स्वतःला ओळखून असतो.

स्पर्धा परीक्षांची पोरं घरात मोकळी खोली असताना महिन्याचे पैसे भरून अभ्यासिकेत खुर्ची घेतात, तेव्हा घरच्यांना ती उधळपट्टी वाटते. मला ती वाटत नाही. त्या खुर्चीवर बसलं की ‘आता काय करू’ हा प्रश्नच उठत नाही, जागाच त्याचं उत्तर देते. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी ही युक्ती वाक्यात बसवली: ‘अमुक वेळ आली, अमुक ठिकाणी असलो, की मी तमुक करीन.’ ‘मी अभ्यास करणार’ या संकल्पापेक्षा ‘सकाळी चहा झाला की खिडकीजवळ बसून इतिहासाचं पहिलं प्रकरण उघडणार’ हे वाक्य जास्त काम करतं. गोलविट्झर आणि पास्कल शीरन यांनी 2006 मध्ये अशा 94 अभ्यासांची गोळाबेरीज केली तेव्हा परिणाम मध्यम ते मोठा निघाला. प्रत्यक्ष जगात तो कमी असतो हेही सांगायला हवं. अमेरिकेतल्या एका कंपनीनं कर्मचाऱ्यांना फ्लूच्या मोफत लशीची पत्रं पाठवली. नुसत्या माहितीच्या पत्रावर 33 टक्के आले. पत्रात स्वतःसाठी तारीख आणि वेळ लिहायला दोन रिकाम्या जागा ठेवल्या तेव्हा 37 टक्के आले. चारच टक्क्यांची वाढ, पण तिचा खर्च म्हणजे कागदावरच्या दोन रेघा. आपल्या आरोग्य केंद्रांच्या चिठ्ठ्यांवर, बँकेच्या नोटिशींवर त्या दोन रेघा का नसाव्यात?

राहिलं ते घरातलं बोलणं. परीक्षेच्या आदल्या रात्री पुस्तक उघडणाऱ्या पोराला आपण जे बोलतो, त्यामागे मायाच असते, आणि पोराला सुधारायची तळमळ. पण कॅनडातल्या कार्लटन विद्यापीठात मायकेल वोल, टिमथी पिचिल आणि शॅनन बेनेट यांनी 2010 मध्ये पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांवर जो अभ्यास केला, तो प्रत्येक आई-वडिलांपर्यंत आणि शिक्षकांपर्यंत पोहोचावा असं मला मनापासून वाटतं. पहिल्या परीक्षेच्या अभ्यासात चालढकल केलेल्या विद्यार्थ्यांना त्यांनी विचारलं की या चालढकलीबद्दल तुम्ही स्वतःला कितपत माफ केलंत. ज्यांनी माफ केलं होतं, त्यांनी दुसऱ्या परीक्षेच्या वेळी चालढकल कमी केली. जे स्वतःला कोसत राहिले, त्यांना पुस्तक पुन्हा समोर आल्यावर तीच जुनी बोच लागली, आणि ती टाळायचा सगळ्यात सोपा मार्ग त्यांना आधीपासून ठाऊक होता.